दस्तऐवज-प्रणालीच्या उभारणीविषयी भाच्यास पत्र



चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ड्रुपल ही आशय-व्यवस्थापन प्रणाली मूळ संहितेपासून, म्हणजे सोर्स कोडपासून, उभारण्याचे काम चिरंजीवाकडे आले, ही आनंदाची गोष्ट आहे; पण कामाचे मोल आधी ओळखावे. भोसरी-चाकण पट्ट्यातील पुरवठादारांना मोटार-उत्पादकांचे काम मिळवण्यासाठी आयएटीएफ १६९४९ या २०१६ च्या मानकाचे प्रमाणपत्र लागते, आणि ड्रॉइंग व कामाच्या सूचना यांची चालू आवृत्तीच मशीनपाशी असावी, असा त्याचा दंडक आहे. या प्रणालीत रात्रपाळीच्या ऑपरेटरला ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन दिसली, तर अख्खा लॉट रिजेक्ट होऊ शकतो. म्हणून जी प्रणाली दुसऱ्या कोणालाही जशीच्या तशी पुन्हा उभी करता येईल, तीच विश्वासाची मानावी.

ड्रिस बाउटार्ट यांनी २००१ मध्ये खुले केलेले ड्रुपल पीएचपी भाषेत आहे. त्यामुळे येथे ‘बिल्ड’ म्हणजे कंपाइल करणे नव्हे, तर कंपोझर या साधनाने लागणाऱ्या लायब्रऱ्या ठरलेल्या आवृत्तीत गोळा करणे होय. त्या आवृत्त्यांची नोंद ‘कंपोझर.लॉक’ या फाइलमध्ये असते. ती गिटमध्ये, म्हणजे संहितेतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या भांडारात, जपावी. मुख्य सर्व्हरवर कंपोझरचे केवळ ‘इन्स्टॉल’ चालवावे, ‘अपडेट’ कदापि नाही, कारण अपडेट नव्या आवृत्त्या शोधते आणि न तपासलेली संहिता थेट कामावर येते. डेटाबेसचा पासवर्ड मात्र या भांडाराबाहेरच ठेवावा.

मशीनच्या सेटिंगनंतर पहिला जॉब पास झाल्याशिवाय लॉट सुरू होत नाही, तसे आधी चाचणी-सर्व्हरवर सारे करून पाहावे. तेथे मराठी मजकूर आवर्जून साठवावा. डेटाबेसचा तक्ता ‘यूटीएफ८एमबी४’ऐवजी जुन्या ‘लॅटिन१’ अक्षरसंकेतात राहिला, तर ‘स्पिंडलचा वेग’ असे देवनागरी शब्द नीट साठवता येत नाहीत. बॅकअप डेटाबेसचा आणि चढवलेल्या फाइलींचा, असा दोन्हींचा घ्यावा, व तो वेगळ्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उतरवून पाहावा. न उतरवलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

सुरक्षा-दुरुस्तीत दिरंगाई नको. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ७ तासांत दुरुस्ती न बसवलेले प्रत्येक संकेतस्थळ फोडले गेले असेच समजावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा-पथकाने पुढे बजावले. इतक्या घाईत ज्याची कृती आधीच लिहून ठेवलेली असते, त्याचाच हात चुकत नाही.

तेव्हा चिरंजीवाने सर्व पायऱ्या क्रमाने लिहाव्यात, ते टिपण सहकाऱ्याच्या हाती द्यावे, आणि त्याने काहीही न विचारता प्रणाली उभी केली, तरच काम पूर्ण झाले असे कळवावे.

शुभं भवतु.