मोजावे की तोलावे?

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागात भोर आणि वेल्हे हे दोन डोंगराळ तालुके आहेत. वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. राजगड, तोरणा व रोहिडा हे किल्ले याच मुलखात उभे आहेत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत येथील गावे वसली आहेत. आणि गावांपासून दूर, डोंगराच्या सोंडांवर, थोड्याथोड्या घरांच्या वाड्या विखुरल्या आहेत. पावसाळ्यात येथे पाऊस मुसळधार कोसळतो. परंतु ते पाणी उतारावरून वाहून जाते आणि वैशाखात अनेक वाड्यांतील बायकांना घागरभर पाण्यासाठी लांबची वाट तुडवावी लागते.

अशा गावांचा कारभार ग्रामपंचायत पाहते, आणि पंचायतीला जाब विचारते ती ग्रामसभा. १९५८ सालच्या कायद्याप्रमाणे गावातील प्रत्येक मतदार या सभेचा सभासद असतो. मतदारांपैकी शेकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल, तितकी माणसे जमल्यावाचून सभेचे काम चालत नाही. सभेत कोणीही उठून बोलावे, असा नियम आहे. पण बोलणारे पुष्कळ झाले, म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. प्रत्येकाच्या बोलण्यावर इतरांनी आपली पसंती किंवा नापसंती दाखवावी काय? हात वर करून, टाळ्या वाजवून, ‘हे बोलणे चांगले, ते वाईट’ असे सांगावे काय?

या रीतीचे फायदे उघड आहेत. सभेत बोलण्याचे धाडस सर्वांना नसते. जो उभा राहून चार शब्द बोलू शकत नाही, तोही हात मात्र वर करू शकतो. तासभर पाल्हाळ लावणाऱ्याला श्रोत्यांचे मन कळते व तो आवरते घेतो. उलट, एखादा साधा माणूस थोडक्यात मुद्द्याचे बोलला आणि शंभर हात वर गेले, तर त्याचे बोलणे कोणालाही दडपता येत नाही.

पण या रीतीत एक मोठा धोकाही आहे. प्राचीन ग्रीस देशातील स्पार्टा या नगरात वृद्धमंडळाचे सभासद निवडण्याची पद्धत मोठी विलक्षण होती. उमेदवार एकामागून एक सभेसमोरून मुकाट्याने जात आणि लोक आरडाओरडा करून आपली पसंती दाखवीत. जवळच्या बंद खोलीत काही परीक्षक बसलेले असत. त्यांना उमेदवार दिसत नसे. कोणाच्या वेळी गलका मोठा झाला, एवढेच ते टिपून ठेवीत. ज्याच्या वाट्याला मोठा गलका, तो निवडून आला! तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने ही रीत पोरकट ठरविली. गलका मोठा झाला म्हणून माणूस मोठा होत नाही. तसेच हात पुष्कळ वर गेले, म्हणून बोलणे खरे ठरत नाही.

शिवाय, उघड्या सभेत हात एकटा कधी वर जात नाही. मातब्बर माणसाचा हात वर गेला की त्याच्या कुळांचे, देणेकऱ्यांचे आणि शेजाऱ्यांचे हात आपोआप वर जातात. मग त्या हातांची मोजणी म्हणजे मतांची मोजणी नव्हे. ती भिडेची मोजणी होय.

या अडचणीवर मागच्या लोकांनी दोन उपाय योजले होते. त्यांपैकी एक याच मावळ मुलखात रूढ होता. शिवकाळात रोहिडखोरे, गुंजण मावळ, हिरडस मावळ अशा खोऱ्यांत वतनाचा किंवा शिवेचा तंटा उद्भवला, म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, शेतकरी आणि बलुतेदार असे सर्व त्या सभेत जमत. साक्षी-पुरावे ऐकून झालेला निर्णय कागदावर लिहीत; त्या कागदाला महजर म्हणत. जमलेल्यांची नावे त्यावर घातली जात आणि नावापुढे ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण काढली जाई: शेतकऱ्याचा नांगर, वाण्याची तागडी. पसंती मुकी नव्हती. तिला नाव होते. उद्या निर्णय खोटा ठरला, तर कोणी कोणी मान डोलावली हे सर्वांना कळत असे.

त्या काळच्या न्यायात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गावच्या शिवेचा तंटा असला, म्हणजे महाराच्या साक्षीला फार वजन असे. कारण शीव राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे होते. ज्याला समाजाने अन्यायाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर गावची वेस ठरे! त्या ठिकाणी डोकी मोजून भागत नव्हते. ज्याला माहीत, त्याचे बोलणे जड, हे मान्य करावेच लागे.

दुसरा उपाय याहून पुष्कळ जुना आहे. बौद्ध भिक्षुसंघात मतभेद झाला, म्हणजे रंगीत शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते घेत. ही मते गुप्तपणे, कानात कुजबुजून किंवा उघड, अशा तीन प्रकारांनी घेण्याची सोय होती. काड्या गोळा करणारा भिक्षू लोभ, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असावा, असा दंडक होता. येथे पसंतीला नाव नव्हते. म्हणून दुबळ्यालाही भीती नव्हती.

एक उपाय नाव लिहावयास सांगतो, तर दुसरा नाव लपवू देतो. मग यांत खरा कोणता? दोन्ही खरे, मात्र दोहोंची स्थाने निराळी आहेत. ‘विहीर आटली आहे’, ‘शीव या ओढ्यापर्यंत आहे’ अशी घडलेली गोष्ट जो खरी म्हणतो, त्याने आपल्या नावाने पुढे यावे. कारण साक्ष देणाऱ्याला जबाबदारी टाळता येत नाही. परंतु ‘सरपंच कोण असावा’ अशी निवड करावयाची असते, तेव्हा गुप्तता हे दुबळ्याचे कवच होय.

आता समजा, एका ग्रामसभेत मोठ्या गावाला देवळापुढे फरसबंदी हवी आहे आणि डोंगरावरील दहा घरांच्या वाडीला पाण्याची टाकी. वाडीतील एक बाई उठते आणि आपल्या झऱ्याची हकीकत सांगते. तिच्या बोलण्याला हात किती मिळतील? फार तर वीस. फरसबंदीच्या बाजूला दोनशे. हात मोजून सभा उठली, तर वाडीची घागर कोरडीच राहील. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती याचसाठी उपयोगी पडते. गावातील आणि वाडीतील बायका तेथे एकत्र बसल्या, म्हणजे डोक्यावर घागर वाहणाऱ्यांचे बोलणे तरी आधी ऐकले जाते. यापुढेही जाऊन सभेने चार माणसे झऱ्यावर पाठवावीत आणि पाणी किती आहे, ते डोळ्यांनी पाहून यावे. झऱ्यातील पाणी हात वर केल्याने वाढत नाही आणि खाली घेतल्याने आटत नाही.

तेव्हा सभेत पसंती दाखवू नये, असे नाही. ती अवश्य दाखवावी. पण सर्वांचे ऐकून झाल्यावर दाखवावी आणि तिचा अर्थ ओळखून दाखवावी. किती लोकांना एखादी गोष्ट हवी आहे, हे हात सांगतात. ती खरी आहे काय, न्याय्य आहे काय, हे मात्र विचार करूनच ठरवावे लागते. मोजण्याने सभेचा निर्णय होतो. तोलण्याने तो निर्णय चांगला होतो.

स्वाध्याय

१. स्पार्टा येथील निवडीची पद्धत पोरकट का ठरविण्यात आली?
२. महजरावर नावापुढे धंद्याची खूण का काढीत असावेत?
३. पसंती केव्हा उघड असावी आणि केव्हा गुप्त, हे पाठाच्या आधारे सांगा.
४. ‘ती भिडेची मोजणी होय’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. तुमच्या वर्गाची सभा भरवा. एका विषयावर सर्वांचे ऐकण्यापूर्वी एकदा व ऐकल्यानंतर एकदा मते घ्या. मते बदलली असल्यास त्याचे कारण लिहा.