चिचुंद्रीचा विषाणू

रात्री भिंतीच्या कडेने चीं चीं करीत धावणारी, उग्र दर्पाची चिचुंद्री तुम्ही पाहिली असेल. पुष्कळ जण तिला उंदीर समजतात. पण ती उंदीर नव्हे. उंदराचे दात कुरतडण्याचे, हिचे किडे पकडण्याचे.

१९६४ साली दक्षिण भारतात वेल्लोर येथे अशाच एका चिचुंद्रीच्या शरीरातून एक विषाणू वेगळा करण्यात आला. त्यास तोट्टपाळयम हे नाव पडले. परंतु त्याचे कुळ अनेक वर्षे कोणास उमगले नाही. पुढे तो ‘हंता’ कुळातला ठरला. या कुळातील काही विषाणूंमुळे माणसास मूत्रपिंडाचा जीवघेणा विकार जडतो. हे विषाणू कुरतडणाऱ्या प्राण्यांतच वसतात, अशी तेव्हा शास्त्रज्ञांची समजूत! मग चिचुंद्रीत हा आला कसा? उंदराकडूनच आला असेल, असे काहींना वाटले.

विषाणूची वंशावळ त्याच्या जनुकांत चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असते. २००७ साली ती वाचली, तेव्हा उंदरांतील भाईबंदांशी तिचा मेळ फारसा बसेना. चिचुंद्रीचा विषाणू चिचुंद्रीचाच होता! मग शास्त्रज्ञांनी गोठवून ठेवलेले जुने नमुनेही बाहेर काढले. जिवंत विषाणू हाती नसताही, केवळ अक्षरे वाचून, इतर जातींच्या चिचुंद्र्यांत आणि वटवाघळांतही नवे हंता विषाणू ओळखता आले.