थायरॉइडची गोळी : संथ औषधाची शिस्त
वेलचेरी परिसरातील मराठी भाषक कुटुंबांसाठी आरोग्यपाठ



आपल्या घरात कोणी ना कोणी थायरॉइडची गोळी घेत असण्याची शक्यता मोठी आहे. चेन्नईसह देशातील 8 शहरांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे दर दहा प्रौढांमागे एकास थायरॉइड संप्रेरकाची कमतरता आढळली होती. गोळी लहान, किंमत अल्प आणि घेण्याची रीत वरवर सोपी. म्हणूनच या औषधाबाबत निष्काळजीपणा सहज घडतो. गोळी नियमित घेऊनही थकवा, वजनवाढ, केसगळती, बद्धकोष्ठता व थंडी सोसवेनाशी होणे या तक्रारी कायम राहतात, तेव्हा दोष बहुधा औषधाकडे जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा चूक असते ती गोळीनंतर लगेच घेतलेल्या कॉफीत किंवा सोबत घेतलेल्या दुसऱ्या एखाद्या गोळीत.

हे औषध शरीरात कसे चालते आणि त्यासाठी आपण कोणती शिस्त पाळावी, हे या पाठात समजून घेऊ.

1. ग्रंथी आणि तिचे संप्रेरक

गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटु, म्हणजेच थायरॉइड, ग्रंथी असते. ती मुख्यतः दोन संप्रेरके तयार करते. पहिले थायरॉक्सिन, त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्यास टी-4 म्हणतात. दुसरे टी-3; त्यात तीन अणू असतात. ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या संप्रेरकात टी-4 चे प्रमाण बरेच अधिक असते. पेशींवर प्रत्यक्ष परिणाम घडविते ते मात्र मुख्यतः टी-3. शरीरातील बहुतांश टी-3 हे यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांत टी-4 मधील आयोडीनचा एक अणू काढून गरजेनुसार बनविले जाते.

ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला अधिक जोराने हाक देते. ही हाक म्हणजे टीएसएच. म्हणून संप्रेरक कमी पडले की रक्तातील टीएसएच वाढते आणि औषधाची मात्रा योग्य झाली की ते पुन्हा मर्यादेत येते.

या आजाराच्या उपचाराचा आरंभ 1891 साली झाला. इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीवर उपचार केले आणि ती पुढे 28 वर्षे जगली. 1914 साली एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले. आज आपण घेतो ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले तेच टी-4 होय.

2. संथपणा गोळीत नाही, शरीरात आहे

‘ही गोळी हळूहळू सुटणारी आहे काय?’ असा प्रश्न अनेकजण विचारतात. लेव्होथायरॉक्सिनची नेहमीची गोळी पोटात गेल्यावर लवकरच विरघळते. तिचा परिणाम संथ असतो, त्याचे कारण वेगळे आहे. रक्तात शिरलेले टी-4 जवळजवळ सर्वच्या सर्व प्रथिनांना बांधलेले राहते आणि त्यातून थोडे थोडे मोकळे होते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील टी-4 निम्मे होण्यास सुमारे 7 दिवस लागतात. या कालावधीस अर्धायुकाल म्हणतात. शरीराने हा साठा स्वतःच करून ठेवलेला असल्यामुळे गोळी दिवसातून एकदाच पुरते.

टी-3 चे तसे नाही. लायोथायरोनिन या नावाने मिळणारी त्याची गोळी घेतल्यावर काही तासांतच रक्तातील पातळी उंचावते आणि सुमारे एका दिवसात निम्म्यावर येते. हा चढउतार टाळावा म्हणून संथ गतीने सुटणारे टी-3 बनविण्याचे प्रयत्न झाले. परंतु अशी औषधे नेहमीच्या उपचारापेक्षा सरस व दीर्घकाळ सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा अद्याप नाही. कमतरतेवरील पहिला आणि प्रमाणित उपचार लेव्होथायरॉक्सिन हाच आहे. म्हणून परिचितांच्या सांगण्यावरून टी-3 सुरू करू नये, आणि वजन घटविण्यासाठी तर कोणतेही थायरॉइड संप्रेरक घेऊ नये. ते प्राणावर बेतू शकते.

आपल्या तज्ज्ञांनी विशिष्ट कारणाने संथ गतीने सुटणारी गोळी दिलीच असेल, तर ती चावू, फोडू वा कुटू नये. तसे केल्यास दिवसभराची मात्रा एकदम सुटते.

3. सकाळची पद्धत

गोळी अनशापोटी, साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, काहीही खाऊ-पिऊ नये. औषध लहान आतड्यातून शोषले जाते. रिकाम्या पोटीही सारी मात्रा शोषली जात नाही. पोटात अन्न असल्यास शोषण आणखी घटते आणि रोज वेगवेगळे होते.

वेलचेरीत राहणाऱ्या घरांसाठी येथे एक विशेष सूचना. मुंबई-पुण्याहून येथे स्थिरावलेल्या पुष्कळ कुटुंबांनी सकाळच्या चहाऐवजी फिल्टर कॉफी आपलीशी केली आहे. कॉफी या औषधाचे शोषण कमी करते, आणि त्यातील दूध कॅल्शियममुळे त्यात भर घालते. चहालाही हाच नियम लागू आहे. कॉफी सोडावयाची नाही. केवळ थांबावयाचे आहे. उठताच गोळी घ्यावी, मग स्नान, पूजा किंवा तलावाकाठचा फेरफटका उरकावा आणि त्यानंतर डबरा हाती घ्यावा.

ज्यांना सकाळी हे जमत नाही त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान 3 तासांनी गोळी घ्यावी. वेळ कोणतीही निवडा. ती रोज तीच असावी.

औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात ‘वेरुम् वयिट्रिल्’ असे सांगितले गेल्यास त्याचा अर्थ ‘रिकाम्या पोटी’ असा आहे. गावाकडून आलेल्या वडीलधाऱ्यांना हे शब्द अवश्य सांगून ठेवावेत.

4. चार तासांचे अंतर

पुढील औषधे व थायरॉइडची गोळी यांत किमान 4 तासांचे अंतर ठेवावे :

• कॅल्शियमच्या गोळ्या
• लोहाच्या गोळ्या, तसेच लोहयुक्त जीवनसत्त्वे
• ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्तावरील औषधे

सोयाबीनचे पदार्थही शोषणात अडथळा आणतात. ते गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावेत. आम्ल कमी करणारी औषधे दीर्घकाळ चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे, कारण थायरॉइडची मात्रा बदलावी लागू शकते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे औषध बिघडत नाही, पण रक्ततपासणीचे आकडे फसवे येतात. तपासणीपूर्वी किमान 2 दिवस ते बंद ठेवावे.

5. गोळी चुकली तर. आणि पूर आला तर

त्याच दिवशी आठवण झाल्यास पोट रिकामे असताना गोळी घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवल्यास नेहमीची एकच गोळी घ्यावी. स्वतःच्या मनाने दोन घेऊ नयेत. एक दिवस चुकल्याने शरीरातील टी-4 चा साठा सुमारे एक दशांशाने घटतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु आठवड्यातून दोनतीन वेळा चुकणारी गोळी म्हणजे कायमच अपुरी मात्रा होय, हेही तितकेच खरे.

डिसेंबर 2015 च्या महापुरात आणि पुन्हा डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी वेलचेरीतील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. वीज गेली, दुकाने बंद राहिली, तळमजल्यावरील घरांतून माणसे हातात येईल ते घेऊन बाहेर पडली. अशा वेळी औषधाचा डबा मागे राहतो. आपण हे औषध घेत असाल तर दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली : चारपाच दिवस गोळी न मिळाल्यास बहुतेक प्रौढांना तत्काळ धोका नसतो, गोळीसाठी पुराच्या पाण्यात उतरू नये. दुसरी : बालके, गर्भवती स्त्रिया आणि कर्करोगामुळे ग्रंथी काढून टाकलेल्या व्यक्ती यांनी हा खंड शक्य तितका लहान ठेवावा आणि मदत केंद्रातील वैद्यकीय पथकास प्रथम हेच सांगावे.

ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. त्यापूर्वी पुढील तयारी करून ठेवावी : किमान 2 आठवड्यांच्या गोळ्या, औषधपत्राची प्रत आणि ‘लेव्होथायरॉक्सिन’ हे नाव व मात्रा लिहिलेला कागद एका जलरोधक पिशवीत घालून उंच जागी ठेवावा. पुराच्या पाण्यात भिजलेल्या गोळ्या पाकीट शाबूत दिसले तरी वापरू नयेत.

6. साठवण

उष्णता, ओलावा आणि प्रकाश यांनी हे औषध निकामी होत जाते. चेन्नईच्या दमट हवेत ते स्नानगृहात, शेगडीजवळच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. गोळ्या मूळ पाकिटात वा बाटलीतच असाव्यात. बाटलीतील ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नये. वेष्टनावर लिहिलेले तापमान पाळावे.

वेष्टनावरील आकडा मायक्रोग्रॅममध्ये असतो : 25, 50, 75, 100. खरेदी करताना नावाबरोबर हा आकडाही वाचावा. शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेवावी. स्वस्त मिळणारी जेनेरिक गोळी घेण्यास हरकत नाही. मात्र कंपनी बदलल्यास 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच तपासावे.

7. तपासणी केव्हा, आणि घाई का नको

मात्रा बदलल्यानंतर पंधरा दिवसांत तपासणी केल्यास आकडा अर्धवटच कळतो. अर्धायुकाल 7 दिवसांचा असल्यामुळे नवी पातळी स्थिरावण्यास सुमारे 5 आठवडे लागतात, आणि टीएसएच त्यामागोमाग सावकाश बदलते. म्हणून 6 ते 8 आठवड्यांचा नियम आहे. मात्रा स्थिर झाल्यावर वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, तपासणी पुरेशी होते. तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यानंतरच गोळी घ्यावी.

टीएसएच मर्यादेत आले म्हणून गोळी बंद करू नये. ते मर्यादेत आले आहे ते गोळीमुळेच.

8. विशेष काळजी

गर्भवती स्त्रिया : पहिल्या तिमाहीत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. गर्भधारणा समजताच, पुढील भेटीची वाट न पाहता डॉक्टरांशी संपर्क साधावा. मात्रा बहुधा वाढवावी लागते. गर्भारपणात लोह व कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. त्या अवश्य घ्याव्यात, मात्र थायरॉइडच्या गोळीपासून 4 तास दूर, आणि लोह व कॅल्शियमही एकत्र नकोत. पहाटे थायरॉइड, दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियम आणि सायंकाळी लोह, अशी आखणी सोयीची ठरते.

नवजात बालके : जन्मजात कमतरता वेळीच ओळखली नाही तर बुद्धीचे कायमचे नुकसान होते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास बहुतेक बालकांची वाढ सर्वसामान्य होते. प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वी या तपासणीविषयी विचारावे. बाळासाठी नेहमीची गोळी चुरून थोड्या पाण्यात वा आईच्या दुधात कालवून लगेच पाजावी. बाटलीभर दुधात मिसळू नये.

वृद्ध व हृदयरोगी : यांची मात्रा अल्प प्रमाणात सुरू करून सावकाश वाढवितात. बरे वाटावे म्हणून जास्तीची गोळी घेतल्यास हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होतात.

9. केव्हा विलंब करू नये

छातीत दुखणे, धडधड, हातांना कंप, विनाकारण वजन घटणे ही मात्रा अधिक झाल्याची चिन्हे असू शकतात. उपचार सोडलेल्या व्यक्तीस गुंगी येणे, अंग थंड पडणे, श्वास मंदावणे हे प्राणसंकट आहे. छातीत दुखत असल्यास किंवा अशी गुंगी आल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

10. उजळणी

घरातील सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

• गोळीनंतर किती वेळाने कॉफी? — किमान अर्ध्या तासाने; एक तास उत्तम.
• कॅल्शियम व लोह? — 4 तासांनी.
• काल गोळी राहिली, आज किती? — एकच.
• मात्रा बदलली, तपासणी केव्हा? — 6 ते 8 आठवड्यांनी.
• टीएसएच योग्य आले. गोळी थांबवावी का? — नाही.

हे औषध सावकाश काम करते आणि सावकाशच ओसरते. आज केलेल्या हेळसांडीचा परिणाम महिन्याभराने दिसतो, तसेच आज आरंभलेल्या शिस्तीचे फळही महिन्याभराने मिळते. तेवढा धीर धरावा आणि हे पत्रक औषधाच्या डब्याशेजारी ठेवावे.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. मात्रेतील कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.