भाकरीतील गोडी

दिवाळी सरली, की कोल्हापूरच्या परिसरातील उसाच्या फडांत कोयत्यांचा आवाज येऊ लागतो आणि गुऱ्हाळांची चुलवणे पेटतात. उकळत्या रसाचा सुवास दूरवर दरवळतो. भर दुपारी तेथेच मजूर आपली शिदोरी सोडून ज्वारीची भाकरी खावयास बसतात. काईलीतील गूळ गोड. फडक्यातील भाकरी अळणी. या दोहोंत काही नाते असेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही एकाच कुळातील होत. त्या कुळाचे नाव कर्बोदके.

वनस्पतींची हिरवी पाने हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांनी शोषलेले पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करतात. पुढे प्रत्येक वनस्पती आपापल्या रीतीने तिचा साठा करते. ऊस ती कांड्यांतील रसात साठवितो. ज्वारी, भात, नाचणी ही धान्ये मात्र शर्करेचे असंख्य कण एकमेकांना जोडून त्यांच्या लांब साखळ्या बनवितात आणि त्या दाण्यांत भरून ठेवतात. या साखळ्यांचे द्रव्य म्हणजेच पिष्ट अथवा स्टार्च. कण साखळीत गुंतलेले असल्यामुळे जिभेला त्यांची गोडी कळत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 70 ग्रॅम, तर शंभर ग्रॅम सडलेल्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदके असतात. त्यांतील बहुतेक भाग पिष्टाचाच असतो.

हे पिष्ट ओळखणे कठीण नाही. बटाट्याची फोड, भाताचे शीत व भिजलेला साबुदाणा यांवर आयोडीनच्या सौम्य द्रावणाचा एकेक थेंब टाकला, तर तिन्ही ठिकाणी काळसर निळा रंग उमटतो. गुळाच्या खड्यावर तो उमटत नाही. (तपासलेले पदार्थ अर्थातच खाऊ नयेत.) दुसरा प्रयोग तर ताटावर बसूनच करता येतो. भाकरीचा कोरडा घास कशातही न बुडविता सावकाश चावीत राहावे. थोड्या वेळाने तोच घास किंचित गोड लागू लागतो. लाळेतील पाचक द्रव्याने पिष्टाची साखळी तुटू लागल्याची ही खूण होय. 1811 साली किर्शहोफ या रसायनशास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्ग येथे पिष्ट आम्लात उकळून त्याची शर्करा केली. जे काम करण्यास त्याला अग्नी व आम्ल लागले, ते मनुष्याचे मुख प्रत्येक घासागणिक करीत असते. पुढे लहान आतड्यात हे कार्य पुरे होते आणि पिष्टाचे ग्लुकोज होऊन ते रक्तात मिसळते.

अशीच मोडतोड गुऱ्हाळातही घडू शकते. उसाच्या रसातील शर्करा दोन दुव्यांची असते. तोडलेला ऊस फार दिवस पडून राहिला वा रस आंबला, तर ते दुवे सुटतात आणि गूळ नीट घट्ट बसत नाही. म्हणून जाणता गुळव्या ताज्या उसाचा आग्रह धरतो, रसात चुन्याची निवळी घालून आंबटपणा मारतो आणि भेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेली मळी काढून टाकतो. या कसबामुळेच कोल्हापूरच्या गुळाचा लौकिक वाढला. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली वसविलेली शाहूपुरी गुळाची मोठी पेठ ठरली, आणि 2014 साली या गुळास भौगोलिक मानांकन मिळाले.

कर्बोदके शरीराचे इंधन आहेत. त्यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे 4 किलोकॅलरी उष्णता मिळते. रक्तातील जादा ग्लुकोजचा काही भाग यकृतात व स्नायूंत साठविला जातो. तरीही उरेल त्याची चरबी होते. दिवसभर ऊस तोडणाऱ्यास जेवढे इंधन लागते, तेवढे गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्यास लागत नाही. येथेच पुष्कळांची फसगत होते. चहातील साखर सोडली, म्हणजे शर्करा टळली, असे मधुमेहाचा रोगी समजतो आणि ताटात भाताचा ढीग वाढून घेतो. कोणी साखरेऐवजी गूळ खाऊन निश्चिंत होतो. परंतु गुळात थोडे क्षार असले, तरी त्याचा बहुतांश भाग साखरेचाच असतो. उपवासाचा साबुदाणा हलका मानला जातो. तो तर जवळजवळ निव्वळ पिष्टच होय. जीभ ज्याला गोड म्हणत नाही, त्याचीही रक्तात शर्कराच होते.

म्हणून भात-भाकरीला शत्रू मानावे, असे मात्र नव्हे. कोंड्यासह दळलेल्या पिठाची भाकरी आणि तिच्या जोडीला उसळ व पालेभाजी असली, म्हणजे पिष्टाचे पचन सावकाश होते व शर्करा रक्तात हळूहळू उतरते. पांढरा सडलेला तांदूळ व मैदा यांतून कोंडा निघून गेलेला असल्याने तसे घडत नाही. अन्न तेच पोषक, जे श्रमाच्या मापाने घेतले जाते. जिभेने चव सांगावी; माप मात्र विवेकाने ठरवावे.

स्वाध्याय

1. भाकरीचा घास बराच वेळ चावल्यावर गोड का लागतो?
2. गुळव्या ताज्या उसाचा आग्रह का धरतो?
3. ‘जिभेने चव सांगावी, माप मात्र विवेकाने ठरवावे,’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.