सड्यावर जाताना भिंग घ्या

सप्टेंबरात कासला जाणारे बहुतेकजण फुलांच्या गालिच्याचा फोटो काढतात आणि परततात. माझं सांगणं एवढंच, की एकदा तरी तिथे गुडघे टेकून बसा. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. पावसाळ्यात पायाखाली पाणीच पाणी, एप्रिलमध्ये खडक चटके देतो. मातीतलं नत्र धो धो पावसात वाहून जातं. मग काही झाडं ते किड्यांकडून मिळवतात.

ही शिकार पाहण्यासाठी दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग गळ्यात अडकवा. ओलसर जागी इवल्याशा रोपांवर ऊन चढल्यावरही न सुकणारे थेंब दिसले, तर ती दवबिंदू नावाची वनस्पती. पानावरच्या प्रत्येक तांबूस केसाच्या टोकाला चिकट द्रावाचा थेंब असतो. चिलट त्यात अडकलं की आजूबाजूचे केस सावकाश त्याच्याकडे वळतात. बोट मात्र लावू नका.

सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं सगळ्यांना दिसतात, त्यांची शिकार कुणालाच दिसत नाही. या रोपाला खरी मुळं नसतातच. ओल्या मातीत पसरलेल्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून बारीक पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून दाब कमी ठेवते. सूक्ष्म जीवाचा दाराशी धक्का लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. हे पाहण्यासाठी रोप उपटणं अक्षम्य आहे.

फुलं संपली म्हणून सडा संपत नाही. मार्च ते मे दरम्यान सकाळी सातारा जिल्ह्यातल्याच चाळकेवाडीच्या सड्यावर जा. तिथल्या एका जातीचा नर सरडा दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो. तो मिटला, की मातकट अंग खडकात असं मिसळतं की समोर असून सापडत नाही. ही जात शास्त्रानं स्वतंत्र म्हणून नोंदवली ती 2016 साली! दुर्बीण न्या, लांबूनच बघा.

दगड उलटू नका; त्याखाली पाली, विंचू, देवगांडुळं असतात आणि परत ठेवताना ती चिरडतात. ओल्या हिरवळीवर न चालता मळलेली वाट धरा. कासला हंगामात आगाऊ नोंदणी करा आणि शनिवार-रविवार टाळा.