मॉडेल 'ए' फोर्डवर जुने स्पीड हेड चढविताना



जुन्या मोटारींचा शौक असलेले गिऱ्हाईक कधी कधी एक जड, गंजलेले हेड घेऊन वर्कशॉपमध्ये येते आणि म्हणते, "हे माझ्या फोर्डवर चढवून द्या." काम तासाभराचे दिसते. पण न मोजता चढविलेले हेड इंजिन फोडू शकते आणि असे हेड पुन्हा बाजारात मिळेलच असे नाही. म्हणून या कामात पान्याच्या आधी माप आणि हिशेब येतो.

हे हेड कशासाठी?

अमेरिकेत फोर्डने मॉडेल 'ए' १९२७ च्या अखेरीस आणली आणि १९३१ पर्यंत लाखोंनी बनविली. इंजिन चार सिलिंडरचे, ३.३ लिटरचे, ताकद २२०० फेऱ्यांवर ४० हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे हेड म्हणजे नुसते झाकण. त्या काळचे पेट्रोल हलके, म्हणून कंपनीने कॉम्प्रेशन फक्त ४.२२ ठेवले. कॅलिफोर्नियातील शौकिनांनी झाकण बदलून ते वाढविले. एड विनफील्ड यांची हेड त्यात नावाजलेली. अशा गाड्या १९३० च्या दशकात मुरोकच्या सुक्या तळ्यावर शर्यतीत धावत.

आधी तपासणी

१. हेड स्वच्छ करून तडे पाहा. कास्ट लोखंडाचा तडा डोळ्याला दिसत नाही. रंग झिरपवून किंवा चुंबकी भुकटीने दिसतो. पाण्याची जागा हवेच्या दाबाने तपासा.
२. सरळ पट्टी आणि फीलर गेजने तळ पाहा. वाक असेल तर प्लेनिंग करा, पण गरजेपुरतेच.
३. प्लेनिंगनंतर व्हॉल्व्ह हेडला लागतो का ते पाहा. व्हॉल्व्हवर आणि पिस्टनवर मऊ माती ठेवा, गॅस्केटसह हेड आवळा, हँडलने इंजिन दोन फेऱ्या फिरवा, हेड काढून माती कापून जाडी मोजा. दीड मिलिमीटरपेक्षा कमी जागा नको.

कॉम्प्रेशनचा हिशेब

एका सिलिंडरचे माप ८२१ घनसेंटिमीटर. पिस्टन वर असताना उरलेल्या जागेने ८२१ ला भागा आणि त्यात १ मिळवा. उरलेली जागा २५५ असेल तर उत्तर ४.२२, म्हणजे कंपनीचेच माप. १६४ असेल तर ६. ही जागा मोजायला हेड आवळून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून, प्लगच्या भोकातून पातळ तेल मापाने भरा. हवेचा बुडबुडा आत राहू देऊ नका.

प्लेनिंगने किती फरक पडतो? चेंबरच्या तोंडाचे क्षेत्रफळ समजा ११० चौरस सेंटिमीटर आहे; तर १ मिलिमीटर छाटल्यावर ११ घनसेंटिमीटर जागा जाते. आधी हिशेब, मग मशीन. छाटलेले लोखंड परत येत नाही.

खालचे इंजिन सोसेल का?

हा सवाल सर्वांत मोठा. मूळ क्रँकला फक्त तीन मुख्य बेअरिंग, वजनांचा तोल नाही आणि बेअरिंग व्हाइट मेटल ओतून केलेली. कनेक्टिंग रॉडला तेल दाबाने नव्हे, उडून मिळते. वरून जोर वाढविला की हातोडा खाली पडतो. म्हणून तेलाची टाकी उतरवून बेअरिंगची ढिलाई मोजा. मेटल तडकलेले असेल तर आधी बेअरिंग ओतून घ्या, हेड नंतर. गिऱ्हाईक घाई करील, तरीही हेच सांगा.

बसविणे

डिस्ट्रिब्यूटर हेडवरच असतो. तो आधी काढा. हेड स्क्रू-ड्रायव्हरने उपटू नका. ब्लॉकचा तळ आणि स्टडचे आटे साफ करा, गॅस्केट नवी घ्या. नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा: ३०, ४५ आणि शेवटी ५५ फूट-पौंड. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पुन्हा तपासा, १०० मैलांनंतर परत एकदा. कॉम्प्रेशन वाढले की ठिणगी तितकी पुढे लागत नाही. मालकाला स्टिअरिंगजवळची दांडी कमी ओढायला शिकवा. चढावर टणटण आवाज आला तर दांडी लगेच मागे. वेग वाढतो, पण ब्रेक तेच जुने, दांड्यांनी चालणारे. ते नीट करून मगच गाडी द्या.

बिलाची गोष्ट

तपासणीची मजुरी वेगळी लिहा आणि आधी सांगा. हेड तडकलेले निघाले तरी तुमची मेहनत झालेली असते. कंपनीचे मूळ हेड तेल लावून, गुंडाळून मालकाच्या हाती द्या. ते भंगारात घालणे म्हणजे त्याच्या गाडीची किंमत घालविणे. आणि इंजिन सोसणार नसेल तर साफ नाही म्हणा. एक काम जाईल, गिऱ्हाईक राहील.