मृतात्मे आपल्याला भेटायला येतात काय?



घरातले माणूस देवाघरी गेले की काही दिवस त्याची चाहूल लागत राहते. आई स्वप्नात दिसते. बाबांच्या रिकाम्या खुर्चीत कुणी बसले आहे असा भास होतो. मग कुणीतरी सांगते, "त्यांचा जीव अडकला आहे, ते काहीतरी मागत आहेत." दुःखात असलेले घर भीतीने गांगरून जाते. कुणी भगताचे दारही गाठते.

हा प्रश्न फार जुना आहे. सन 421 च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी नोलाचे बिशप पॉलिनस यांच्यासाठी मृतांविषयी एक लहान ग्रंथ लिहिला. त्यांची आई संत मोनिका मुलाच्या ओढीने समुद्र ओलांडून इटलीत आली होती. 387 साली ओस्तिया येथे तिला मरण आले. ऑगस्टीन लिहितात की, मृतांना आपल्या मर्जीने येता आले असते, तर माझी आई एक रात्रही मला भेटल्यावाचून राहिली नसती.

ते आणखी एक अनुभव सांगतात. कार्थेजमधील त्यांच्या युलोजियस नावाच्या विद्यार्थ्याला एक उतारा उलगडत नव्हता. रात्री स्वप्नात ऑगस्टीन यांनी त्याला तो समजावून सांगितला. त्या वेळी ऑगस्टीन दूर मिलानमध्ये होते आणि त्यांना याची कल्पनाही नव्हती! जिवंत माणूस त्याच्या नकळत दुसऱ्याच्या स्वप्नात दिसतो, तर मृत व्यक्ती दिसली म्हणजे तिचा आत्माच आला, असे कसे म्हणावे?

देवाच्या इच्छेने मृत व्यक्ती प्रकट होऊ शकते, हे ऑगस्टीन नाकारत नाहीत. रूपांतराच्या डोंगरावर मोशे दिसला, तो देवाच्या इच्छेने. परंतु मृतांना बोलावणे, त्यांना कौल विचारणे पवित्र शास्त्राने निषिद्ध ठरवले आहे (अनुवाद 18:10-12).

मग आपले नाते तुटले काय? मुळीच नाही. विश्वासांगीकारात आपण संतांचा समागम मानतो. यहुदा मक्काबीने युद्धात पडलेल्यांच्या पापक्षमेसाठी यरुशलेमला अर्पण पाठवले (2 मक्काबी 12:43-45). आपल्या प्रार्थनेने शुद्धिस्थानातील आत्म्यांना साहाय्य होते आणि तेही आपल्यासाठी विनवणी करतात, असे ख्रिस्तसभा शिकवते.

मोनिकाने मरताना मुलांना सांगितले होते की, माझा देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तेव्हा स्वप्नात आपले माणूस दिसले, तर घाबरू नका. त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा, त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करा. आपली माणसे देवाच्या हाती आहेत. भगताच्या हाती नाहीत.

चिंतनासाठी: माझ्या घरातील मृतांची आठवण मला भीतीकडे नेते की प्रार्थनेकडे?